काच पुसणाऱ्याचा संसार

आमच्या अहेरीकडे खिडकीला काच असणे ही तशी अलीकडची गोष्ट. जुनी घरे म्हणजे बांबूच्या तट्ट्या, त्यावर मातीचा गिलावा, वर कौले. खिडकी म्हणजे सागाच्या दोन फळ्या आणि मधे गज. आलापल्लीचे सागवान दाराशी असताना काच कोण आणणार? आणि आणलीच तर बैलगाडीतून ती धड पोचणार कशी? १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला, सरकारी कचेऱ्या वाढल्या, आणि हळूहळू काचेची तावदाने दिसू लागली. आता तर मोबाइलच्या दुकानापासून बँकेपर्यंत दर्शनी भाग काचेचाच लागतो.

काच आली तशी धूळही आली. २०२१ पासून सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक रांगेने धावू लागले आणि रस्त्याकडेच्या दुकानांवर लाल थर बसू लागला. सकाळी पुसलेली काच संध्याकाळी गेरू फासल्यासारखी. आमच्या नात्यातल्या एका आयटीआय झालेल्या मुलाला यातच धंदा दिसला. एक गाडी घ्यायची आणि अहेरी, आलापल्लीपासून चंद्रपूरपर्यंत दुकानांच्या, दवाखान्यांच्या, बँकांच्या काचा धुऊन द्यायच्या. जमल्यास सौर पॅनेलही. कल्पना चांगली आहे. घरात वाद पडला तो सामानावरून. बाप म्हणतो, बादली आणि फडके घेऊन सुरुवात कर. पोरगा म्हणतो, कर्ज काढून टाकी, पंप, लांब काठी, सगळे प्रोफेशनल घेतो. दोघांनीही मला मध्यस्थ केले. मी मराठी घेऊन बीए झालेला माणूस, मला पंपातले काय कळते! पण इतिहास शिकवण्यात आयुष्य गेले आहे, म्हणून म्हटले की आधी जुनी माणसे काय करत होती ते तर पाहू.

फिरत्या धंद्याला सामान किती असावे हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. माझ्या वयाच्या लोकांना कल्हईवाला आठवत असेल. त्याचा भाता, सांडशी, कथलाची कांडी, नवसागर, कापसाचा बोळा आणि पोतेभर कोळसा. अख्खा कारखाना सायकलच्या कॅरिअरवर. भट्टी तो बरोबर आणतच नसे, तुमच्या अंगणात खड्डा खणून ती तयार होई. पिंजारी खांद्यावर धनुकली घेऊन येई, धार लावणारा चाक घेऊन. या मंडळींचा एक अलिखित नियम होता. जे गिऱ्हाइकाच्या दारात मिळते ते वाहायचे नाही, आणि जे तिथे मिळत नाही ते घरी विसरायचे नाही. कोळसा एक वेळ गावात मिळेल, कथील मिळणार नाही.

पाणी वाहून नेणारा कारागीर म्हणजे भिस्ती. बकऱ्याच्या कातड्याची मशक, त्यात साधारण तीस लिटर पाणी, आणि ती पाठीवर. शब्द फारसी ‘बिहिश्त’ म्हणजे स्वर्ग यावरून आला. तहानलेल्याला पाणी देणारा तो स्वर्गातला, असा अर्थ. मुंबईसारख्या शहरांत भिस्ती पिण्याचे पाणी देत, आणि धूळ बसावी म्हणून रस्त्यावर पाणी शिंपडण्याचे कामही त्यांच्याकडे असे. पाणी घेऊन हिंडणे हीच ज्या धंद्याची मुख्य अडचण, त्याचा मूळपुरुष भिस्तीच म्हणायला हवा. ही मशक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता काचेकडे येतो. आपल्या खेड्यापाड्यांत काच आधी शिरली ती खिडकीतून नव्हे, कंदिलातून. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला ओगले बंधूंनी १९१६ साली काच कारखाना काढला आणि पुढे त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घराघरांत गेला. संध्याकाळी कंदिलाची काच पुसणे हे घरातल्या पोरांचे काम. चुलीतली चाळलेली राख, ओला बोळा आणि शेवटी वर्तमानपत्राचा तुकडा, एवढेच त्याचे साहित्य. खर्च शून्य. पण ते शास्त्राला धरून होते. लाकडाच्या राखेत क्षार असतो, तो काजळीतला तेलकटपणा काढतो. राखेचा बारीक कण काजळी खरवडतो. कागदाचे तंतू फडक्याइतके काचेला चिकटत नाहीत. मोठी माणसे एकच सूचना देत, ती म्हणजे गरम काचेला ओला हात लावू नको. स्वस्त सामान आणि पक्के शिक्षण अशी ती जोडी होती.

खिडकीची काच मात्र बरीच वर्षे श्रीमंतांचीच राहिली. मोठा आणि सपाट पत्रा करणे अवघड होते. १९५९ साली इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथलावर काच तरंगवून सपाट पत्रा करण्याची रीत जाहीर केली. (कल्हईवाल्याचे कथील इथेही भेटले!) त्या रीतीचा कारखाना आपल्या राज्यात तळोज्याला नव्वदच्या दशकात आला. उदारीकरणाचेच ते दिवस. नंतर काचेच्या इमारतींची जी लाट आली ती मुंबई-पुण्याहून वीस-पंचवीस वर्षांत आमच्यापर्यंत पोचली.

काच पुसण्याचे अवजार त्याआधीच तयार झाले होते. रबरी पट्टीचा जो पुसणा मोटारीच्या काचा साफ करणाऱ्यांच्या हातात दिसतो, त्याला स्क्वीजी म्हणतात. मूळ अवजार जहाजाचा डेक निपटण्याचे. अमेरिकेत काच पुसणाऱ्यांकडे आधी ते पोलादी आणि जड होते. दोन रबरी पट्ट्या, आणि त्या बदलायच्या तर बारा स्क्रू काढायचे. एट्टोरे स्टेकोने नावाचा इटलीहून कॅलिफोर्नियात आलेला एक माणूस स्वतः काचा पुसण्याचे काम करत असे. त्याने १९३६ साली पितळेचा, हलका, एकाच पट्टीचा पुसणा काढला. आजही जगभर जो वापरतात तो जवळजवळ तसाच आहे. म्हणजे या धंद्यातले सर्वांत प्रोफेशनल अवजार हे त्यातले जवळपास सर्वांत स्वस्तही आहे. काही शे रुपयांत मिळते. त्याला लागतो तो हात. वरून खाली न थांबता नागमोडी ओढ, आणि प्रत्येक ओढीनंतर पट्टी पुसणे. तेवढे जमले की डाग राहत नाही. पट्टीची धार गेली की रबर बदलायचे, त्यात कंजुषी नाही.

आमच्या लाल धुळीसाठी यात एक भर घालावी लागेल. सुरजागडचे खनिज हेमेटाइट, म्हणजे लोहाचे ऑक्साइड. गंमत अशी की याच लोह-ऑक्साइडची अगदी मऊ भुकटी काचेला चकाकी आणायला वापरतात. पण रस्त्यावरची धूळ म्हणजे काही ती गाळीव भुकटी नव्हे. तिच्यात रेतीचे कण असतात, आणि रेतीतली गारगोटी काचेपेक्षा कठीण असते. कोरडे फडके मारले की काचेवर ओरखडे पडतात, आणि ते कायमचे. म्हणून इथे पहिले काम पुसण्याचे नाही, भरपूर पाण्याने धूळ वाहून नेण्याचे. बापाची बादली आणि फडके इथेच अपुरे पडते.

यापुढचा मुद्दा जरा गंभीर आहे. स्वस्त सामानाची किंमत कोण मोजतो? सफाईच्या कामात आपल्या देशाने हा हिशोब फार वाईट रीतीने केला आहे. मुंबई सरकारने १९४९ साली सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी बर्वे समिती नेमली, तिचा अहवाल १९५२ ला आला. १९५७ साली केंद्राने मलकानी समिती नेमली. या सगळ्या खटाटोपात एक मागणी अगदी साधी होती, ती म्हणजे डोक्यावरून मैला नेणे थांबवा, चाकाची ढकलगाडी द्या. एक ढकलगाडी! टोपली स्वस्त पडत होती, कारण टोपलीखालचे डोके कुणाच्या हिशोबात धरलेलेच नव्हते. ते ठरावीक जातींचे होते म्हणून धरले नव्हते. डोक्यावरून मैला वाहण्याविरुद्धचे कायदे १९९३ आणि २०१३ असे दोनदा करावे लागले, तरी गटारात उतरून माणसे मरतातच. आपल्या विदर्भातल्याच गाडगेबाबांनी हातात खराटा आणि डोक्यावर खापर घेऊन गावे झाडली. त्यांचे सामान गरिबाचे होते, पण ते त्यांनी आपण होऊन उचलले होते. दुसऱ्याच्या माथी ते मारणे ही वेगळी गोष्ट.

काच पुसण्यात असा जीवघेणा हिशोब येतो तो उंचीवर. तळमजल्याची काच बादलीने होते. दुसऱ्या मजल्याला शिडी लागते, आणि स्वस्त सामान म्हणजे बहुधा शिडी. ती चार फूट उंचीमागे एक फूट बाहेर टेकवावी, खाली कुणीतरी धरावी, हे नियम सगळ्यांना ठाऊक असतात. पण हातात ओला पुसणा, दुसऱ्या हातात बादली, मग शिडीला धरायचे कशाने? इंग्लंडमध्ये काचवाले घरोघर शिडी घेऊनच हिंडत. तिथे एप्रिल २००५ मध्ये उंचीवरील कामाचे नियम लागू झाले. त्यांत शिडीवर बंदी नव्हती. जे काम जमिनीवरून होऊ शकते ते उंचीवर चढून करू नये, एवढाच पहिला नियम. जमिनीवर उभे राहून वरची काच धुण्याची सोय तेव्हा तयार होतीच. लांब पोकळ काठी, आत पाण्याची नळी, टोकाला ब्रश. घासायचे, त्याच पाण्याने खळबळून टाकायचे, पुसायचे नाही. आपोआप वाळू द्यायचे. या काठीमुळेच टाकी, पंप, नळीचे रीळ आणि गाडी हा सगळा संसार उभा राहिला.

न पुसता वाळवायचे तर पाणी तसे हवे. पाण्याचा थेंब उडून जातो, त्यातला चुना आणि मॅग्नेशियम काचेवर पांढरा ठिपका होऊन बसतो. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकानुसार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार चालतात, दुसरा स्रोत नसला तर २००० पर्यंतही. काचवाल्याला ते दहाच्या आत, शक्यतो शून्य लागतात. माणसाला जे पाणी गोड लागते ते काचेला चालत नाही! त्यासाठी आरओ, आणि त्यापुढे क्षार शोषणारे रेझिन. बोअरचे पाणी जितके जड तितके रेझिन लवकर संपते, आणि आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाजूला टाकते. दर महिन्याचा खरा खर्च हा आहे. काठी एकदाच घ्यावी लागते.

इथे मी मुलाला पाटीवर एक गणित मांडून दाखवले. आमच्या भागात पाऊस चांगला, वर्षाला १३०० मिलिमीटर धरू. घरावरचे पन्नास चौरस मीटरचे टिनाचे छप्पर म्हणजे पासष्ट हजार लिटर. पाचवा हिस्सा वाया गेला तरी बावन्न हजार उरले. पहिल्या एक-दोन सरी सोडून दिल्या तर पावसाच्या पाण्यात क्षार अगदी थोडे. सगळे साठवता येणार नाही हे खरे. पण एक-दोन झाकलेल्या टाक्या भरल्या आणि गाळून वापरल्या तरी रेझिनचे आयुष्य कितीतरी वाढेल. इंग्लंडच्या गाडीत जे यंत्र लागते त्याचे अर्धे काम इथे आभाळ करते.

दुसरे गणित वजनाचे. २००५ साली टाटांनी ‘एस’ बाजारात आणली, आपली छोटा हाथी. ७०२ सीसीचे इंजिन, ७५० किलो भार. लहान धंद्याला या गाडीने चाके दिली यात शंका नाही. पण पाणी लिटरला एक किलो. पाचशे लिटरची टाकी भरली की पाचशे किलो. टाकीचे, चौकटीचे, बॅटरी-पंपाचे, नळीचे वजन वेगळे, दोन माणसे वेगळी. हाथी तिथेच थकला. शिवाय अर्धी भरलेली टाकी वळणावर आतल्या आत लाटा मारते आणि गाडी ओढते. म्हणून टाकीला आतून आडपडदे हवेत आणि ती चेसिसला बोल्टने आवळलेली हवी, दोरीने बांधलेली नव्हे. आलापल्लीच्या खड्ड्यांतून अचानक ब्रेक लागला तर पाचशे किलो पाणी कुठे जाईल याचा विचार दोरी बांधणाऱ्याने करावा.

मिनिटाला दोन लिटर सोडले तर पाचशे लिटर चार तासांवर पुरते. आपल्या एका दुकानाला इतके पाणी लागतच नाही. म्हणून मी भिस्तीची आठवण करून दिली. शेतात फवारणीला जो पाठीवरचा सोळा लिटरचा बॅटरीचा पंप वापरतात तो म्हणजे आजची मशकच. नवा कोरा घ्यावा, औषध मारलेला मुळीच नाही. त्याला नळी आणि ब्रशची काठी जोडली, वीस-वीस लिटरचे कॅन बरोबर घेतले, की मोटारसायकलच्या जोडगाडीतूनही दिवसाची पाच-सहा दुकाने होतात.

काठीबद्दल मात्र मी पोराच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. महाग काठ्या कार्बन फायबरच्या असतात, वजनाने हलक्या. पण कार्बनमधून वीज वाहते. आमच्या बाजारपेठेत दुकानांपुढे तारा कशा लोंबतात ते सांगायला नको. तारेजवळ कोणतीही काठी धोक्याचीच. फायबर ग्लासची असो की आपल्या जंगलातला बांबू असो, आत-बाहेर पाणी लागले की भरवसा नाही. जिथे तार आहे तिथले वरचे काम घ्यायचेच नाही. हा नियम साध्या सामानालाही लागू आणि प्रोफेशनल सामानालाही.

राहिला पैशाचा प्रश्न. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत शिशु गट पन्नास हजारांपर्यंत आणि किशोर गट त्यापुढे पाच लाखांपर्यंत. बाप-लेकाचा वाद म्हणजे शिशु की किशोर एवढाच! यावर मला तळेगावचा पैसा फंड आठवतो. अंताजी दामोदर काळे यांनी गावोगाव हिंडून माणशी वर्षाला एक पैसा गोळा करण्याचा संकल्प सोडला. टिळकांनी पाठबळ दिले, आणि त्या पैशांतून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काच कारखाना उभा राहिला. त्याआधी देशात काचेचे काही कारखाने परदेशी तज्ज्ञ आणि बाहेरची यंत्रे आणून काढले गेले आणि बुडाले होते. तळेगावला जपान-अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय होते, आणि तिथे काच बनली तशीच काच करणारी माणसेही घडली. ती पुढे इतर ठिकाणी गेली. भांडवल पैशा-पैशाचे होते, पण शिक्षणात काटकसर नव्हती.

म्हणून मी जो निवाडा दिला तो दोघांनाही थोडा कडू लागला. पहिले वर्ष पंप, पुसणा, ब्रश, लहान काठी, पाणी तपासायचे मीटर आणि पावसाची टाकी. गाडी लागेल तेव्हा भाड्याने. काम फक्त जमिनीवर पाय ठेवून होईल तेवढेच घ्यायचे, वरच्या मजल्याला नम्रपणे नाही म्हणायचे. वर्षभर हिशोबाची वही लिहायची. रोज किती पाणी लागले, किती गिऱ्हाइके दुसऱ्यांदा आली, किती काम नाकारावे लागले. नाकारलेल्या कामाचे पैसे कर्जाच्या हप्त्याहून जास्त भरू लागले की मोठी काठी आणि टाकी घ्यायची. तेव्हा मात्र अर्धवट नाही. बोल्ट, आडपडदे, सगळे पक्के. काटकसर रंगात करा, गाडीवरच्या पाटीत करा, पाण्यात आणि उंचीत नको.

बाप विचारत होता की धंदा चाललाच नाही तर? तर पंप शेतात जाईल आणि टाकी घराला होईल. पाच लाखांचे कर्ज मात्र कुठेच जात नाही.

मुलगा सध्या शाळेच्या खिडक्यांवर हात बसवतो आहे. असो. वाचकांपैकी कुणी या धंद्यात असेल, किंवा परदेशातल्या आपल्या मंडळींनी अशा गाड्या जवळून पाहिल्या असतील, तर अनुभव जरूर लिहा. आणि आपापल्या घरी कंदिलाची काच कशाने पुसत हेही कळवा. कुणाकडे राख असेल, कुणाकडे खडूची भुकटी. एकदा सगळे एकत्र लिहून काढायचा विचार आहे.